मृत्युपत्र बदलायचं आहे? मग जुनं नीट रद्द करा

एकदा केलेलं मृत्युपत्र बदलता येतं का, हे विचारताना बरेच ज्येष्ठ नागरिक संकोचतात. मुलाला कळलं तर वाईट वाटेल, नोंदणी झाली आहे म्हणजे आता हात बांधले गेले, वकिलांनी तर ‘हे माझं शेवटचं मृत्युपत्र’ असं लिहिलंय, अशा शंका मनात असतात. म्हणून उत्तर आधीच देतो. मृत्युपत्र बदलता येतं. हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा, आणि कोणाचीही परवानगी न घेता.

बदल करायचा की नाही हे कायद्याने पूर्णपणे तुमच्यावर सोडलं आहे. तो कसा करायचा याबाबत मात्र कायदा काटेकोर आहे, आणि त्याला कारण आहे. मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायला ते करणारा नसतो. त्याच्या वतीने फक्त कागद बोलतो आणि साक्षीदार बोलतात. अर्धवट रद्द केलेलं मृत्युपत्र म्हणूनच मृत्युपत्र नसण्यापेक्षाही घातक ठरू शकतं. भावंडांच्या हातात दोन कागद येतात, दोघांनाही आपलाच खरा वाटतो आणि पुढची काही वर्षं दिवाणी न्यायालयात जातात. हे टाळणं तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी लागणारे कष्ट थोडे आहेत.

अधिकार कुठून येतो

हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी यांच्या मृत्युपत्रांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्याच्या कलम ६२ प्रमाणे, मृत्युपत्र करण्यास सक्षम असेपर्यंत ते करणारी व्यक्ती ते केव्हाही रद्द करू शकते किंवा बदलू शकते. ‘हे मृत्युपत्र मी कधीही बदलणार नाही’ असं खुद्द मृत्युपत्रात लिहिलेलं असलं तरी हा अधिकार संपत नाही.

अट एकच, ती म्हणजे सक्षमता. माणूस सज्ञान हवा आणि आपण काय करतोय हे समजण्याइतकं त्याचं मन ठिकाणावर हवं. वय किती याने फरक पडत नाही. नव्वदीतली आजीही मृत्युपत्र बदलू शकते. पण स्मृतिभ्रंश वाढत गेला की हा दरवाजा हळूहळू बंद होतो. बदल मनात असेल तर तो प्रकृती बरी असतानाच करून टाका.

एक खातरजमा मात्र आधी करा. तुमच्या कपाटातला कागद खरोखर मृत्युपत्रच आहे ना? अनेकांनी ‘मुलाच्या नावे केलं’ म्हणून जो दस्त केलेला असतो, तो प्रत्यक्षात बक्षीसपत्र असतो. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येतं, म्हणून ते हयातीत बदलता येतं. नोंदवलेल्या बक्षीसपत्राने मिळकत हयातीतच दुसऱ्याची होते आणि ते मनात आलं म्हणून एकतर्फी मागे घेता येत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत आणि पुढे सांभाळच झाला नाही, अशा प्रसंगी ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली दाद मागता येते. पण तो रस्ता वेगळा आहे. दस्ताचं शीर्षक आणि पहिली दोन पानं पुन्हा एकदा वाचा.

कायद्याने दिलेले चार मार्ग

मृत्युपत्र रद्द कसं होतं हे कलम ७० सांगतं. नवं मृत्युपत्र, पुरवणी मृत्युपत्र, रद्द करण्याचा लेख आणि मूळ कागद नष्ट करणं, हे चार मार्ग तुमच्या हातातले आहेत. विवाह हा पाचवा मार्ग काही समाजांपुरताच आहे. त्याकडे पुढे येऊ.

पहिला मार्ग: नवं मृत्युपत्र. बदल मोठा असेल तर हाच सर्वांत निर्धोक मार्ग आहे. पण नवं मृत्युपत्र केलं की जुनं आपोआप पूर्णपणे रद्द होतं, हा समज अपुरा आहे. नव्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर दोन्ही कागदांमध्ये जिथे विरोध आहे तिथेच नवं लागू होतं. बाकीच्या बाबतीत जुनं जिवंत राहू शकतं. समजा, जुन्या मृत्युपत्रात फ्लॅट, दागिने आणि गावची जमीन अशी तिन्हींची वाटणी होती आणि नव्यात फक्त फ्लॅट व जमिनीचा उल्लेख आला, तर दागिन्यांसाठी जुना कागद पुढे केला जाईल.

म्हणून नव्या मृत्युपत्राच्या सुरुवातीलाच असा परिच्छेद हवा:

‘मी यापूर्वी दिनांक ____ रोजी केलेले व दुय्यम निबंधक ____ यांच्या कार्यालयात दस्त क्रमांक ____ ने नोंदवलेले मृत्युपत्र, त्याची सर्व पुरवणी मृत्युपत्रे, तसेच याआधी मी केलेली अन्य सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द करीत आहे. प्रस्तुत मृत्युपत्र हेच माझे शेवटचे मृत्युपत्र समजावे.’

जुन्या मृत्युपत्राची तारीख आणि दस्त क्रमांक घातला की कोणता कागद रद्द झाला याबद्दल शंका उरत नाही. नव्या मृत्युपत्रावर तारीख हवीच. दोन मृत्युपत्रांपैकी नंतरचं कोणतं, हे ठरवताना तीच कामी येते.

नव्या मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या सह्या कायद्याला हव्यात तशा झाल्या नाहीत, तर ते मृत्युपत्र ठरत नाही आणि त्यातला रद्द करण्याचा परिच्छेदही कोसळतो. जुनंच लागू राहतं. त्यामुळे नव्यावर रीतसर सह्या होईपर्यंत जुन्याला हात लावू नका.

दुसरा मार्ग: पुरवणी मृत्युपत्र. वकील मंडळी याला कोडिसिल म्हणतात. मूळ मृत्युपत्र कायम ठेवून एखाददुसरी बाब बदलायची, खुलासा करायचा किंवा नवी भर घालायची असेल तर हे उपयोगी पडतं. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेला व्यवस्थापक वारला, एक नवं खातं उघडलं, नातीला एखादा दागिना द्यावासा वाटला, तर तेवढ्यासाठी सगळं नव्याने लिहायची गरज नाही. पुरवणीत मूळ मृत्युपत्राची तारीख लिहा, कोणत्या परिच्छेदात काय बदल आहे ते नेमकं सांगा आणि ‘उर्वरित मृत्युपत्र कायम आहे’ असं नमूद करा. पुरवणी हा मूळ मृत्युपत्राचाच भाग समजला जातो. तिच्यावरही दोन साक्षीदार लागतात. ते जुनेच असले पाहिजेत असं नाही. दोन-तीन पुरवण्या झाल्या की मात्र थांबा आणि एकच नवं मृत्युपत्र करा.

तिसरा मार्ग: रद्द करण्याचा लेख. नवी वाटणी अजून ठरलेली नाही, पण जुनी नकोच, असं असेल तर फक्त रद्द करण्याचा लेखही करता येतो. तोही मृत्युपत्राप्रमाणेच दोन साक्षीदारांसमोर करावा लागतो. साध्या कागदावर एकट्याने सही करून ‘माझं मृत्युपत्र रद्द’ असं लिहिणं पुरत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी दोन साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही.

हा मार्ग निवडताना परिणामांचा विचार करा. मृत्युपत्रच नसेल तर मिळकत वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे जाते. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे मिळतात. हिंदू स्त्रियांनी तर विशेष सावध राहायला हवं. मूल नसलेल्या विधवेने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतही आधी पतीच्या वारसांकडे जाते. माहेरच्यांचा क्रम त्यानंतर येतो. माहेरून वारशाने आलेल्या मिळकतीचा नियम वेगळा आहे. ज्या बहिणीने किंवा भाचीने शेवटपर्यंत सांभाळलं, तिला काहीच न मिळण्याची शक्यता खरी असते. म्हणून जुनं रद्द करायचं असेल, तर त्याच बैठकीत नवंही करा.

चौथा मार्ग: कागद नष्ट करणं. मृत्युपत्र फाडून, जाळून किंवा अन्य प्रकारे नष्ट करूनही रद्द करता येतं. पण त्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: नष्ट करण्याची कृती आणि रद्द करण्याचा हेतू. कृती स्वतः करावी लागते, नाही तर तुमच्या सांगण्यावरून आणि तुमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने करावी लागते. रुग्णालयातून फोन करून ‘घरचं मृत्युपत्र फाडून टाक’ असं मुलाला सांगितलं आणि त्याने ते फाडलं, तरी कायद्याच्या दृष्टीने ते रद्द होत नाही. झेरॉक्स फाडून काहीच होत नाही. रद्दीत चुकून गेलेलं मृत्युपत्रही रद्द ठरत नाही, कारण तिथे हेतू नसतो.

नोंदवलेल्या मृत्युपत्रासाठी हा मार्ग वापरूच नये, असा माझा आग्रह आहे. नोंदणी कार्यालयातील पुस्तक क्रमांक ३ मध्ये मृत्युपत्राची नक्कल राहते आणि मृत्यूनंतर कोणीही अर्ज करून तिची प्रमाणित प्रत घेऊ शकतो. तुम्ही घरातली मूळ प्रत जाळली तरी दुसरा पक्ष ही नक्कल पुढे करून ‘मूळ गहाळ झालं’ असं सांगेल. मृत्युपत्र शेवटपर्यंत तुमच्याच ताब्यात होतं आणि नंतर सापडलं नाही, तर ते तुम्हीच रद्द केलं असावं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण विरुद्ध पुरावा देऊन ते खोडता येतं. असल्या गृहीतकाच्या भरवशावर मुलांना सोडू नका.

पेनने केलेल्या दुरुस्त्या

सर्वाधिक चुका इथे होतात. टाइप केलेल्या मृत्युपत्राच्या तिसऱ्या पानावर ‘धाकट्या मुलास’ या शब्दांवर निळ्या पेनने एक रेघ मारलेली आहे, वर बारीक अक्षरात ‘मुलीस’ लिहिलं आहे आणि शेजारी फक्त आद्याक्षरं आहेत, असं पान डोळ्यांसमोर आणा. लिहिणाऱ्याला वाटतं, काम झालं. कलम ७१ प्रमाणे अशी दुरुस्ती निरुपयोगी आहे. त्या दुरुस्तीजवळ, समासात किंवा दुरुस्तीचा उल्लेख करणाऱ्या टिपेखाली मृत्युपत्र करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी. ती नसेल तर रेघेखालचे ‘धाकट्या मुलास’ हेच शब्द वाचता येतात आणि तेच लागू राहतात. मूळ शब्द अजिबात वाचता येणार नाहीत इतके खोडले असतील, तर गोष्ट निराळी. पण मग ती खाडाखोड कोणी केली आणि कधी केली, यावर भांडण उभं राहतं.

पेन बाजूला ठेवा आणि पुरवणी करा. मजकूर चार ओळींचाच असला तरी.

सह्या आणि साक्षीदार

कलम ६३ ची पद्धत नव्या मृत्युपत्राला, पुरवणीला आणि रद्दलेखाला सारखीच लागू आहे. तुमची सही किंवा अंगठा हवा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही सही माझीच आहे’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येकाने तुमच्यासमोर सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, पण तिघे एकत्र बसलात तर पुढे प्रश्नच उरत नाही.

साक्षीदार निवडताना पुढचा विचार करा. साक्षीदार हयात असेल आणि न्यायालयात येऊ शकत असेल, तर मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी किमान एकाची साक्ष घ्यावीच लागते. म्हणून तुमच्याहून वयाने लहान, पत्ता सहसा न बदलणारे आणि वाटणीशी संबंध नसलेले लोक निवडा. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती व पारशी मृत्युपत्रांत तर अशा साक्षीदाराला दिलेला वाटाच बाद होतो. हिंदूंच्या बाबतीत वाटा बाद होत नाही, पण संशयाला जागा मिळते.

वय जास्त असेल किंवा नुकतंच आजारपण झालं असेल, तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. जमल्यास डॉक्टरांनाच साक्षीदार करा. मोबाइलवर केलेलं चित्रीकरण मदतीला येतं, पण ते सह्यांची जागा घेत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक दस्तांमधून वगळलेलं आहे. त्यामुळे व्हॉट्सअॅपवरचा संदेश, ईमेल किंवा डिजिटल सही यांनी मृत्युपत्र होत नाही आणि रद्दही होत नाही.

नोंदणी करावी का?

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते: नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकतं. ‘माझ्याकडचं नोंदवलेलं आहे, म्हणून तेच खरं’ हा दावा एवढ्यावरच टिकत नाही.

तरीही जुनं नोंदवलेलं असेल तर नवंही नोंदवा, हाच माझा सल्ला आहे. जुन्याला सरकारी नोंद आहे आणि नवं साध्या कागदावर आहे, हे दिसताच नाराज वारस पहिलं बोट तिथेच ठेवतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधकांकडे ओळखपत्रं आणि साक्षीदार घेऊन जायचं. तिथे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊ शकतात, तशी तरतूद नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. मृत्युपत्र सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवलं असेल, तर अर्ज करून ते परत घेता येतं. नवं केल्यावर लिफाफा तिथेच विसरू नका.

ज्यांचे नियम वेगळे आहेत

ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीने मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला, तर आधीचं मृत्युपत्र त्या विवाहाने रद्द होतं. हिंदूंना हा नियम लागू नाही. घटस्फोटाने मात्र कोणाचंच मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. विभक्त झालेल्या जोडीदाराचं नाव काढायचं असेल तर ते तुम्हालाच काढावं लागेल.

मुस्लिम व्यक्तीची वसीयत मुस्लिम व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालते. ती तोंडी करता येते आणि तोंडी किंवा कृतीनेही मागे घेता येते, उदाहरणार्थ वसीयतीत दिलेली जमीन हयातीतच विकून. पुराव्यासाठी तरीही लेखी करणंच बरं.

गोव्यात २०१२ चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे. तिथे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होतं आणि सक्तीचे वारस असतील तर त्यांच्यासाठी निम्मा हिस्सा राखीव असतो. गोव्याचं मृत्युपत्र बदलायचं असेल तर तिथल्याच विशेष नोटरीकडे जा. घरी दोन साक्षीदार बसवून काम होणार नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक इशारा आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये केलेल्या मृत्युपत्रात बहुधा ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं छापील वाक्य असतं. त्या वाक्याने पुण्यातल्या घरासाठी केलेलं भारतातलं मृत्युपत्रही अडचणीत येऊ शकतं. दोन्ही मृत्युपत्रांमध्ये ‘हे फक्त अमुक देशातील मिळकतीपुरते आहे’ असं लिहून घ्या.

पती-पत्नींनी मिळून एकच मृत्युपत्र केलं असेल, तर दोघं हयात असताना आपापल्या भागाचा बदल करता येतो. पण ‘एकाच्या पश्चात दुसऱ्याने बदल करायचा नाही’ असा करार त्यात असेल आणि मागे राहिलेल्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर त्याचे हात बांधले जाऊ शकतात. दोन वेगवेगळी मृत्युपत्रं केलेली केव्हाही चांगली.

मिळकतच बदलते तेव्हा

मृत्युपत्रात मुलीला दिलेला फ्लॅट तुम्ही हयातीत विकलात, तर तो वाटा संपतो. विक्रीतून आलेली रक्कम आपोआप तिच्याकडे जात नाही. मुंबई-पुण्यात इमारतींचा पुनर्विकास चालू असताना हा प्रश्न घरोघरी आला आहे. ‘दुसरा मजला, खोली क्रमांक ७’ असं लिहिलेलं असतं आणि ती खोलीच पाडलेली असते. विकासकाशी करारनामा झाला की लगेच पुरवणी करा आणि तिच्यात लिहा: ‘सदर सदनिकेऐवजी पुनर्विकासात मिळणारी सदनिका, तसेच त्यापोटी मिळणारी कोणतीही रक्कम’.

मृत्युपत्र बदललं की नामनिर्देशनही तपासा. नॉमिनी हा सामान्यतः विश्वस्तासारखा असतो, मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. पण रक्कम आधी त्याच्याच हातात जाते. आयुर्विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा हक्क अधिक भक्कम झाला आहे. बँक, सोसायटी, विमा आणि मृत्युपत्र या चारही ठिकाणी एकच नाव असेल तर वाद पेटायला कारण उरत नाही.

बदल न्यायालयात टिकावा म्हणून

वेंकटाचल अय्यंगार खटल्यात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं सूत्र आजही चालतं: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ते पुढे करणाऱ्याने तो संशय दूर केला पाहिजे. थरथरती सही, लाभ घेणाऱ्यानेच वकील आणणं, जवळच्या वारसाला कारण न देता वगळणं, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत. बदललेल्या मृत्युपत्रावर तर आणखी एक प्रश्न येतो: आधी एक म्हणाले, मग दुसरं का?

त्याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवा. ‘मोठ्या मुलाला घर घेण्यासाठी मी पूर्वीच रक्कम दिली आहे, म्हणून हे घर मुलीला देत आहे’, एवढं एक वाक्य पुरतं. राग, टोमणे, कोणाच्या सुनेचं वर्तन असलं काही लिहू नका. त्याने भांडण वाढतं आणि मन स्थिर नव्हतं असं म्हणायला आधार मिळतो. ज्याला जास्त मिळणार आहे त्याला वकिलाकडे, टाइप करताना आणि सह्यांच्या वेळी दूर ठेवा.

सह्या झाल्यावर जुन्या मूळ प्रतीच्या प्रत्येक पानावर ‘दिनांक ____ च्या मृत्युपत्राने रद्द’ असं लिहून, सही-तारीख घालून ती नव्याबरोबरच ठेवा. रद्द होण्याचं काम नव्या मृत्युपत्राने केलेलं असतंच. या शेऱ्याने कपाट उघडणाऱ्याचा गोंधळ टळतो. शिवाय एकदा रद्द झालेलं मृत्युपत्र नुसत्या इच्छेने पुन्हा जिवंत होत नाही. ते नव्याने साक्षांकित करावं लागतं किंवा तसा हेतू दाखवणारी पुरवणी करावी लागते. जुन्याच्या प्रती ज्यांच्याकडे असतील, त्यांच्याकडून परत मागवा. नवं कुठे ठेवलं आहे हे व्यवस्थापकाला सांगा. आत काय लिहिलं आहे हे सांगायची सक्ती नाही.

घरात लग्न, मृत्यू, घटस्फोट, नातवंडाचा जन्म, मोठी खरेदी किंवा विक्री झाली की मृत्युपत्र बाहेर काढून वाचा. बदल हवा वाटला तर अनुभवी दिवाणी वकिलाला दाखवा आणि त्याच महिन्यात दोन साक्षीदार बोलावून काम पूर्ण करा. मनातला बदल कागदावर रीतसर उतरत नाही, तोवर कायद्याच्या दृष्टीने तुमचं म्हणणं जुनंच राहतं.